'फिरवल्यावर सारखी' म्हणजे कोणासारखी?

प्रश्न असा आहे: ३×३ च्या चौकटीत ० आणि १ भरले, तर 'रोटेशनल सिमेट्री' (चौकट पाव किंवा अर्धा फेरा फिरवली तरी मांडणी तशीच दिसणं) नसलेल्या मांडण्या किती, हे मराठीत कसं विचारायचं? 'असममित' चालेल का? आणि 'परिभ्रमण' म्हणायचं की 'परिवलन'?

'असममित' नको. वरच्या ओळीत तिन्ही १ आणि बाकी सगळी शून्यं घ्या. ही मांडणी फिरवली की बदलते, पण आरशात तशीच दिसते. तिला सरसकट असममित कसं म्हणणार? दुसऱ्या शंकेचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. चौकट स्वतःच्याच मध्याभोवती फिरते, म्हणून 'परिवलन सममिती'. हिंदी पुस्तकांतलं 'घूर्णन' अर्थाला बरोबर आहे, पण माझ्या कानाला परकं वाटतं.

खरी गडबड वेगळीच आहे. 'फिरवून सारख्या दिसणाऱ्या वगळा' असं आपण सहज लिहून जातो. सारख्या कोणाशी? स्वतःशी, की दुसऱ्या एखाद्या मांडणीशी?

स्वतःशी म्हणाल तर हिशेब सोपा आहे. एकूण मांडण्या ५१२. अर्ध्या फेऱ्यात मधलं घर जागच्या जागी राहतं आणि उरलेल्या आठ घरांच्या चार जोड्या जमतात. म्हणजे निवडी पाच, आणि न बदलणाऱ्या मांडण्या ३२. पाव फेऱ्यात न बदलणाऱ्या ८ यांच्यातच येतात. त्यामुळे परिवलन सममिती नसलेल्या ५१२ − ३२ = ४८०. (फिरतात ती घरं, अंक नव्हेत, इंग्रजी सहाचा नऊ होतो तो खेळ इथे नाही.)

दुसऱ्या मांडणीशी म्हणाल तर उत्तर १४० येतं. त्या ४८० चे चार-चारांचे १२० गट होतात, ३२ पैकी २४ चे दोन-दोनांचे १२, आणि उरलेल्या ८ एकेकट्या. यासाठी मी 'परिवलनाने एकरूप होणाऱ्या मांडण्या एकच धरून' असं लिहीन. लांबलचक आहे खरं, पण 'एकरूप' भूमितीत रुळलेला आहे आणि अर्थ निसटत नाही. दोन्ही अटी एकदम घातल्या तर १२०. एका ढिल्या वाक्याला तीन उत्तरं!

मांडण्या मोजण्याच्या या सगळ्या विषयाला 'अंकपाश' म्हणावं का, असंही विचारलं आहे. शब्द देखणा आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) या नावाचं प्रकरणच आहे. पण तिथे अंकांच्या जागा बदलतात, मांडणी फिरत नाही. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती प्रकारे येतील, याचं तिथलं उत्तर २४, कारण प्रत्येक हात वेगळा. तीच आयुधं वर्तुळात ठेवून फिरवू दिली, आणि एकरूप मांडण्या एकच धरल्या, तर ६ उरतात. चारही आयुधं वेगळी असल्यामुळे परिवलन सममिती मात्र त्यांपैकी एकीलाही नाही.