कोकम सरबताचा पाक आठवड्यात फसफसला; पुढच्या वेळी साखर कमी करून, उकळून केला तर टिकेल का?

तुम्ही एक किलो रातांब्याच्या (म्हणजे कोकमाच्या ताज्या फळाच्या) सालींना एक किलो साखर घातलीत, बरणीला घट्ट झाकण लावून उन्हात ठेवलीत आणि सहाव्या दिवशी वर फेस आला. आता विचारताय की साखर आणखी कमी करून पाक उकळला तर टिकेल का, आणि जांभळाचंही असंच करता येईल का.

नाही टिकणार. साखर कमी पडली म्हणूनच तर फसफसला. ‘साखर निम्मी केली तरी काही बिघडत नाही’ हा सल्ला दर उन्हाळ्यात फिरतो आणि दर उन्हाळ्यात चांगल्या रातांब्यांची माती होते. म्हणून हे आधी नीट मांडतो.

ताज्या सालीत वजनाच्या ८० ते ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर सालीत किमान ८०० ग्रॅम पाणी. त्यात एक किलो साखर विरघळली की पाक होतो जेमतेम ५५ टक्क्यांचा, आणि एवढ्या पाकात यीस्ट मजेत वाढतं. दोन किलो साखर घातली की हाच आकडा ७० च्या आसपास जातो आणि यीस्टला, बुरशीला लागणारं मोकळं पाणी फारसं उरत नाही. ६५ च्या खाली आलात की बाटली फ्रिजबाहेर टिकण्याचा भरवसा धरू नका. सालीच्या दुप्पट साखर हे जुनं प्रमाण हावरेपणातून आलेलं नाही. ते सालीतल्या पाण्याच्या हिशोबाने बसलेलं आहे.

आणि हे प्रमाण सालीच्या वजनाला आहे, अख्ख्या फळाच्या नाही. अख्ख्या फळात साल साधारण निम्मी भरते. फळं फोडून, बिया काढून, मग साल तोला.

दुप्पट साखर घातली की तळाशी थर बसतो आणि लोक घाबरून पाणी ओततात. तसं करू नका. साध्या साखरेचा पाक खोलीच्या तापमानाला ६७-६८ टक्क्यांच्या पुढे साखर घेत नाही, म्हणून ती खाली बसते. पण कोकमाच्या आंबटपणामुळे आणि उन्हाच्या उबेमुळे साखरेचा काही भाग हळूहळू फुटून द्राक्षशर्करा आणि फळशर्करा होतो. या मिश्रणात जास्त साखर मावते, म्हणून रोज तळापासून ढवळत राहिलं की थर कमी होत जातो. घाई करायची नाही, एवढंच.

आता कृती. रातांबे पूर्ण लाल-जांभळे पिकलेले, पण टणक हवेत. फुटलेले, चेपलेले, देठापाशी मऊ पडलेले बाजूला काढा. त्यांची आमसुलं करा. वळवाचा पाऊस लागलेली फळं पाणचट होतात, तीही सरबताला नकोत. फळं अख्खी असतानाच धुवायची, कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची आणि मगच कापायची. कापल्यावर धुतलीत तर रंग वाहून जातो आणि सालीत पाणी शिरतं.

आडवी अर्धी कापली की दोन वाट्या मिळतात. बिया आणि त्यांच्याभोवतीचा पांढरा बुळबुळीत गर बोटाने काढून टाका. हा गर वाटीत राहिला तर पाक गढूळ होतो आणि लवकर फसफसतो. बिया फेकू नका, धुऊन वाळवल्या की त्यांचं कोकमतेल, म्हणजे मुठेल, निघतं. मग वाटीत साखर शिगोशीग भरायची, उताणी बरणीत ठेवायची, तिच्यावर पुढची, असे थर रचत जायचे, आणि उरलेली सगळी साखर वरून घालायची. वरची साल साखरेखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे. साखर बारीक दाण्याची घ्या. पिठीसाखरेचा गोळा होऊन तळाशी बसतो. बरणी चिनीमातीची किंवा काचेची. लोखंड, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांतलं काहीही या आंबट रसाला लावायचं नाही. ढवळायला कोरडा लाकडी किंवा चांगल्या स्टीलचा डाव.

दोनेक तासांतच वाट्यांच्या कडांना साखर ओली आणि गुलाबी दिसायला लागते. दुसऱ्या दिवशी तळाशी लालभडक पाक, मध्ये ओली साखर आणि वर कोरडी साखर असे तीन पट्टे काचेतून स्पष्ट दिसतात. याच वेळी वरच्या थराकडे लक्ष हवं. जी वाटी साखरेबाहेर डोकं काढते, तिच्यावरच पहिली बुरशी येते. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खालीवर करा, पुढे दिवसातून एकदा. सात-आठ दिवसांत साली आक्रसून चामड्यासारख्या होतात; तेव्हा त्यांचं काम संपलं असं समजायचं.

घट्ट झाकणाचं काय ते सांगतो, कारण तुमच्या बरणीत दुसरी चूक तीच आहे. झाकण लावून उन्हात ठेवली की आत वाफ धरते, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि परत पाकावर पडतात. वरचा बोटभर थर पातळ होतो. खालचा पाक कितीही घट्ट असला तरी यीस्ट त्या पातळ थरात सुरू होतं, आणि म्हणूनच फेस वरून येतो. दिवसा बरणीच्या तोंडाला दुहेरी कोरड्या फडक्याचा दादरा बांधा. संध्याकाळी ऊन उतरलं की बरणी घरात घ्या आणि गार झाल्यावर झाकण लावा. मुंग्यांसाठी पाण्याची परात आहेच.

गाळताना साली पिळू नका. पिळलं की गर उतरतो आणि बाटलीत साका बसतो. चाळणीवर रात्रभर निथळू द्या. उरलेल्या साली वाळवून तशाच खाता येतात, नाहीतर आमटीत टाका, गूळ कमी लागेल. बाटल्या काचेच्या, गार पाण्यात बुडवून, पाणी उकळायला लागल्यावर वीस मिनिटं उकळा आणि आतून खडखडीत कोरड्या होईपर्यंत थांबा. बाटलीत राहिलेलं चमचाभर पाणीसुद्धा पाक बिघडवायला पुरतं.

उकळण्याबद्दल माझं मत ठाम आहे: अमृत कोकम, म्हणजे हा साखरेत केलेला कोकमाचा पाक, उकळायचं नसतं. कोकमाचा लाल रंग उष्णतेने मोडतो आणि तपकिरीकडे झुकतो. साली आत असताना उकळलात तर त्यांतलं पेक्टिन सुटून पाक थलथलीत होऊ शकतो. ताज्या फळाचा वासही जातो. आणि उकळूनही साखर कमीच ठेवलीत तर बाटली एकदा उघडली की हवेतलं यीस्ट पुन्हा आत शिरतं, तेव्हा मूळ दुखणं तिथेच राहतं. जे लोक ‘आम्ही कमी साखरेत उकळून करतो आणि वर्षभर टिकतं’ म्हणतात, त्यांची बाटली एकतर फ्रिजमध्ये असते किंवा तिच्यात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) असतो. हे सांगत नाहीत आणि नुसतं साखरेचं प्रमाण सांगतात, याचा मला राग आहे.

उकळायची वेळ येते ती तुमच्यासारख्या बिघडू लागलेल्या पाकावर. नुसता फेस असेल, वास किंचित दारूसारखा असेल आणि बुरशी कुठेच नसेल, तर पाक गाळा, दर लिटरला अर्धा किलो साखर घाला आणि कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत, ८०-८५ अंशांपर्यंत, तापवून उतरवा. गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. रंग थोडा उतरेल. पांढरी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको, सगळं टाकून द्या.

परिरक्षक घालायचाच असेल तर सोडियम बेंझोएट, किलोभर पाकाला ०.७ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. चमचाभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग पाकात मिसळा. ते आंबट माध्यमातच नीट काम करतं आणि कोकम पुरेसं आंबट आहे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मात्र इथे चालत नाही, ते लाल रंग फिका करतं. ग्रॅमचा दहावा भाग मोजणारा काटा नसेल तर अंदाजाने काहीच घालू नका. दुप्पट साखर आणि कोरडी बाटली असेल तर घरच्या वापराला त्याची गरजही पडत नाही.

जिरेपूड बाटलीत घालायची नाही. ती खाली बसते, वास शिळा होतो आणि मसाल्यासोबत बुरशीचे बीजाणूही येतात. एक भाग पाकाला चार ते पाच भाग गार पाणी, चिमूट मीठ आणि भाजून ताजी कुटलेली जिरेपूड, हे सगळं ग्लासातच. फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाशी खडे दिसले तर ती साखर आहे. बाटली कोमट पाण्यात उभी करा, विरघळेल.

साखर नकोच असेल, मधुमेह असेल किंवा डॉक्टरांनी मना केली असेल, तर अमृत कोकम तुमच्यासाठी नाही. अर्ध्या साखरेचं करून स्वतःची समजूत घालू नका. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, आणा किंवा करा. ते मिठावर टिकतं, आणि पाणी घालून प्यायला साखर लागत नाही. मीठही वर्ज्य असेल तर वाळलेली बिनमिठाची आमसुलं रात्री भिजवा आणि ते पाणी सकाळी प्या.

जांभळाला हे प्रमाण तसंच लावू नका. त्यात कोकमाएवढी आंबटाई नसते आणि साखरेत रचून रसही असा सुटत नाही. गर कुस्करून थोडा गरम करावा लागतो, रस गाळून त्यात साखर आणि सायट्रिक ॲसिड घालावं लागतं. ती कृती पूर्ण वेगळी आहे; हवी असेल तर वेगळा प्रश्न टाका.