बोक्याच्या इमर्जन्सीचं बिल कार्डावर आहे, एफडी मोडू का?

तुमचा मेल वाचला. थोडक्यात असं की तुमचा पाच वर्षांचा बोका सारखा लघवीला बसत होता पण थेंबही येत नव्हता, रात्री इमर्जन्सीत न्यावं लागलं, मूत्रमार्ग ब्लॉक निघाला, कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालून तीन दिवस ॲडमिट ठेवला आणि सगळं बिल क्रेडिट कार्डावर गेलं. आता बोका घरी आलाय, खातोय-पितोय. तुमचं विचारणं असं की बिल ईएमआयवर टाकू की एफडी मोडू, पेट इन्शुरन्स घेऊ का, आणि पुन्हा ब्लॉक झालं तर डॉक्टर सर्जरी म्हणतायत त्याची तयारी कशी करू.

आधी घरच्यांचं बोलू, कारण 'मांजरापायी एवढा खर्च' हे त्यांचं बोलणं तुम्हाला लागलेलं दिसतंय. नर मांजराचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असतो, तो बंद झाला की रक्तात पोटॅशियम वाढत जातं, त्याचा परिणाम थेट हृदयावर होतो आणि एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो. सकाळपर्यंत वाट बघू म्हणायची सोयच नव्हती. तुम्ही नेलंत ते योग्यच केलंत.

आता कार्ड. इथे अजिबात रेंगाळू नका. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी भरायची रक्कम, भरली की लेट फी लागत नाही एवढंच, बाकीच्या रकमेवर व्याज चालूच राहतं. समजा महिन्याला 3 टक्के धरलं तर लोक वर्षाला 36 म्हणतात, पण चक्रवाढीने ते 42 च्या वर जातं. वर थकबाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीचा बिनव्याजी काळही जातो, म्हणजे त्याच कार्डावर महिन्याचा किराणा भरलात तर त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. समजा एफडीवर 7 टक्के मिळतायत, तर एका खिशात 7 येतायत आणि दुसऱ्यातून 42 चाललेत.

तुम्ही लिहिलंय की एफडीची मुदत दोन महिन्यांत संपतेय. मग मोडायच्या आधी बँकेत विचारा की एफडीवर लोन किंवा ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून लागतील तेवढे पैसे काढायची सोय) मिळतो का. त्याचा दर सहसा एफडीच्या दरापेक्षा थोडाच जास्त असतो, त्यातून कार्डाचं पूर्ण बिल ड्यू डेटच्या आत भरून टाका आणि एफडी मॅच्युअर झाली की लोन मिटवा. नसेल मिळत तर सरळ मोडा, थोडं व्याज कापतील, कापू देत. ईएमआय हा शेवटचा पर्याय, आणि तोही प्रोसेसिंग फी, व्याज आणि आधी बंद करायचा चार्ज सगळं धरून एकूण किती जातात ते विचारूनच. एफडी अडीअडचणीसाठी होती म्हणून हात लावायला जीव होत नाही असं तुम्ही म्हणता, पण अहो अडचण आलीच की, पैसे त्यासाठीच ठेवले होते ना.

इन्शुरन्सचं जरा नीट ऐका, कारण इथे अपेक्षाभंग होतो. हा आजार आता बोक्याच्या रेकॉर्डवर आलाय, त्यामुळे कुठलीही नवी पॉलिसी याला आधीपासूनचा आजार धरणार आणि ब्लॉकेजचा क्लेम बहुतेक नाकारणार. फॉर्मवर लपवू तर मुळीच नका, क्लेमच्या वेळी जुने मेडिकल रेकॉर्ड मागतात. म्हणजे ज्या भीतीने तुम्ही पॉलिसी घेताय नेमकी तीच कव्हर होणार नाही. तुमची दुसरी मांजर मात्र दीड वर्षाची आणि धडधाकट आहे, तिच्यासाठी जरूर बघा. वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर क्लेम चालू होईपर्यंतचा काळ) किती, वर्षाला लिमिट किती, प्रत्येक क्लेमला स्वतःचे किती घालायचे, वयाबरोबर प्रीमियम कसा वाढतो एवढं वाचा. आणि बऱ्याच पॉलिसींमध्ये आधी बिल तुम्ही भरायचं आणि मग पैसे परत मिळतात, म्हणजे रात्री काउंटरवर डिपॉझिट तुम्हालाच भरावं लागतं.

त्यामुळे बोक्यासाठी प्रीमियमऐवजी वेगळं खातं उघडा, रोजच्या खात्यात नको, तिथे पैसे टिकत नाहीत. किती जमवायचं हे अंदाजाने ठरवू नका. फॉलो-अपला जाल तेव्हा डॉक्टरांकडून दोन लेखी एस्टिमेट घ्या, एक पुन्हा कॅथेटर आणि ॲडमिशनचं, एक सर्जरीचं, दोन्हीत कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा. पहिलं टार्गेट ॲडमिशनचा वरचा आकडा, मग सर्जरी. एकदा ब्लॉक झालेल्या बोक्याला पुन्हा होणं बरंच कॉमन आहे म्हणून मी एवढा मागे लागतोय. सर्जरीने मार्ग रुंद होतो आणि ब्लॉक व्हायची शक्यता खूप कमी होते, पण नंतर लघवीचं इन्फेक्शन होऊ शकतं, म्हणजे तपासण्यांचा खर्च राहतोच, तोही विचारून ठेवा.

डॉक्टरांनी स्पेशल फूड दिलं असेल तर ते घरखर्चात धरा, आणि महाग वाटलं म्हणून दोन महिन्यांनी मनाने बंद करू नका. ओलं खाणं, भरपूर पाणी, स्वच्छ लिटर बॉक्स यावर जाणारा पैसा एका ॲडमिशनपुढे किरकोळ आहे.

आणखी एक, हे जड आहे पण बोलून घ्या. किती खर्चापर्यंत जायचं आणि बोक्याला किती त्रास सोसू द्यायचा, हे घरातल्या सगळ्यांनी आत्ता, तो बरा असताना ठरवा. रात्री दोन वाजता एस्टिमेटवर सही करताना हे ठरवता येत नाही, आणि मग वर्षभर एकमेकांना बोल लावणं चालू राहतं.

उद्या पहिलं काम म्हणजे कार्डाची ड्यू डेट बघा आणि बँकेला फोन करा. एस्टिमेट मिळाले की आकडे आणि तुमचा महिन्याचा खर्च पाठवा, दर महिन्याला किती बाजूला टाकायचं ते मी काढून देतो.