फूको नंतर, आधी ‘करण्यात आला’

बातम्यांची भाषा सत्ता कशी लपवते यावरचा तुझा ड्राफ्ट काल रात्री वाचला, दोनदा. अकरा पानं फूको, म्हणजे तो फ्रेंच विचारवंत, आणि शेवटी दीड पान बातम्या, नमनाला घडाभर तेल झालंय गं. फूको काढून टाक असं म्हणत नाहीये, कोणी बोलायचं नि कशावर बोलायचं यावर समाज कसा पहारा ठेवतो हा त्याचा १९७० च्या लेक्चरमधला मुद्दा तुला लागणारच आहे, पण तो बातम्यांच्या ढिगाला लागतो, एका वाक्याला लावायला गेलीस की हातात काही येत नाही.

म्हणून आधी वाक्य घे. "जमावावर गोळीबार करण्यात आला." कोणी केला? पत्ता नाही. मी एमएला असताना असा प्रत्येक ‘करण्यात आला’ पकडून पुढे ‘सत्ता लपवली’ लिहून मोकळा झालो होतो, आणि व्हायवात सरांनी शांतपणे विचारलं, "‘चोराला अटक करण्यात आली’ यात कोण लपलंय रे?" घाम फुटला. अटक पोलीसच करतात, सांगायचं काय त्यात! तर एकट्या वाक्यातनं काही सिद्ध होत नाही, त्याच बातमीत "जमावाने दगडफेक केली" असा जमाव मात्र सरळ कर्ता म्हणून येतो का बघ, आणि पन्नास बातम्यांत एकाच बाजूचा कर्ता गायब होत असेल तर मग बोल. आणि इंग्रजी पॅसिव्हचे (कर्मणी प्रयोगाचे) नियम उचलून आणू नकोस, आपल्याकडे नुसतं "चुका झाल्या" म्हटलं तरी भागतं, अमेरिकेचे अध्यक्ष रीगन १९८७ मध्ये इराण-कॉन्ट्रावर, म्हणजे इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर, तेच पॅसिव्हमध्ये बोलले होते, "mistakes were made".

दुसरं म्हणजे गृहीतकं, वाक्य न सांगताच जे खरं धरून चालतं ते. "आम्ही देशाची प्रतिष्ठा परत मिळवून देऊ." आता याला नकार देऊन बघ, "तुम्ही नाही मिळवून देऊ शकणार". प्रतिष्ठा गेली होती हे तसंच राहिलं की नाही? डिबेटमधला विरोधक इथेच फसतो, आणि "गेलीच कुठे होती?" असं विचारलं तर अँकर म्हणतो विषय बदलू नका. ही नकाराची युक्ती जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं १८९२ मध्येच केपलरच्या उदाहरणावर दाखवलीये, ‘केपलर हलाखीत मेला’ म्हण किंवा ‘नाही मेला’ म्हण, केपलर नावाचं कोणी होतं हे राहतंच. मला तर हे फूकोपेक्षा जास्त कामाचं वाटतं, पण ते माझं.

रविवारपर्यंत फक्त टेबल पाठव, वाक्य, कर्ता, गृहीतक, बास. आणि तू स्वतः जो चॅनल बघतेस त्याची एकही बातमी ड्राफ्टमध्ये नाही, तीस तरी घाल.