टेबल व्ह्यूची वेगळी चूल

प्रश्न : ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या स्थानकांचं आयफोन ॲप बनवतोय. स्क्रीनवर वर ‘वाशी’ आणि ‘पनवेल’ असा सेगमेंटेड कंट्रोल (दोन पर्यायांची पट्टी), मध्ये स्थानकांची यादी, तळाला ‘जवळचं स्थानक’ हे बटण. सगळा कोड एकाच व्ह्यू कंट्रोलरमध्ये (स्क्रीन चालवणाऱ्या क्लासमध्ये) असल्यामुळे फाइल आवरेनाशी झाली. आधी यूआय-टेबल-व्ह्यू-कंट्रोलर वापरला, तर बटण यादीबरोबर सरकू लागलं. मग डेटा सोर्सचा (टेबलला, म्हणजे यादीला, ओळी पुरवणाऱ्या ऑब्जेक्टचा) वेगळा क्लास केला, तर टेबल कोरं. नेमकं काय वेगळं काढायचं आणि कसं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत.

यूआय-टेबल-व्ह्यू-कंट्रोलरचा मुख्य व्ह्यू म्हणजे खुद्द टेबल. त्यात टाकलेलं बटण टेबलच्या मजकुराचा भाग होतं, म्हणून ते यादीसोबत सरकतं. स्थिर बटण त्याच्या आत बसवायच्या खटपटीत पडू नका.

कोऱ्या टेबलचं कारण मेमरीत आहे. टेबल आपला डेटा सोर्स आणि डेलिगेट (ओळ दाबणं वगैरे घटना हाताळणारा) दोन्ही वीक धरतं, म्हणजे त्यांना मेमरीत टिकवून ठेवत नाही. तुम्ही बहुधा व्ह्यू-डिड-लोडमध्ये (व्ह्यू लोड झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) लेट लिहून ऑब्जेक्ट बनवला आणि टेबलला दिला. फंक्शन संपलं की त्याला धरून ठेवणारं कोणी उरत नाही, आणि डेटा सोर्स निल (रिकामा) होतो. क्रॅश होत नाही, कन्सोलमध्ये ओळ येत नाही, म्हणून शोधायला वेळ जातो. तो ऑब्जेक्ट व्ह्यू कंट्रोलरची प्रॉपर्टी करा, टेबल भरेल.

पण तुमच्या स्क्रीनला तेवढं पुरणार नाही. डेटा सोर्स बाहेर गेला तरी निवड, रीलोड, सेलची नोंदणी हे सगळं मूळ फाइलमध्येच राहतं. इथे यादीला स्वतःचा चाइल्ड व्ह्यू कंट्रोलर (दुसऱ्याच्या आत बसणारा) द्यावा. तो यूआय-टेबल-व्ह्यू-कंट्रोलरच असू द्या. बाहेरचा पेरेंट साधा व्ह्यू कंट्रोलर. सेगमेंट आणि बटण त्याच्याकडे.

जोडताना क्रम असा : आधी पेरेंटवर ॲड-चाइल्ड, मग चाइल्डचा व्ह्यू ॲड-सबव्ह्यूने आत घ्या. त्याचं ऑटोरिसायझिंग-मास्कचं भाषांतर बंद करून चार कन्स्ट्रेंट (जागा ठरवणारे नियम) लावा : वरची कड सेगमेंटच्या तळाला, खालची कड बटणाच्या माथ्याला, उरलेल्या दोन कडा पेरेंटच्या बाजूंना. शेवटी चाइल्डवर डिड-मूव्ह-टू-पेरेंट. विल-मूव्ह तुम्ही बोलवायची गरज नाही, ते ॲड-चाइल्ड करतं. काढताना उलट : निल देऊन विल-मूव्ह तुम्ही बोलवा, मग व्ह्यू काढा, मग रिमूव्ह-फ्रॉम-पेरेंट.

ॲड-चाइल्ड विसरून नुसता व्ह्यू चिकटवला तर स्क्रीन पहिल्यांदा ठीक दिसू शकते, आणि तिथेच माणूस फसतो. चाइल्डला धरणारं कोणी नसेल तर तो मेमरीतून जातो आणि यादी पुन्हा कोरी. तुम्ही त्याला प्रॉपर्टीत धरलं असलं, तरी त्याचा नेव्हिगेशन कंट्रोलर निल असतो. ओळ दाबल्यावर पुश होत नाही (पुढची स्क्रीन उघडत नाही) आणि एररही येत नाही.

स्टोरीबोर्डमधला (स्क्रीन चित्रासारख्या मांडायच्या फाइलमधला) कंटेनर व्ह्यू वापरलात तर ही जोडणी आपोआप होते. मात्र एम्बेड सेग्वेचं (कंटेनरला चाइल्ड जोडणाऱ्या दुव्याचं) प्रिपेअर हे फंक्शन पेरेंटच्या व्ह्यू-डिड-लोडच्या आधी चालतं. व्ह्यू-डिड-लोडमध्ये भरलेली यादी प्रिपेअरमध्ये द्यायला गेलात तर ती रिकामीच जाईल. प्रिपेअरमध्ये फक्त चाइल्डचा संदर्भ धरून ठेवा, माहिती नंतर द्या.

आता मुख्य गोष्ट : कोणाला काय माहीत असावं. चाइल्डने दोनच कामं करावीत, दिलेली स्थानकं दाखवणं आणि कोणतं दाबलं ते सांगणं. पुढची स्क्रीन कोणती, हे पेरेंट ठरवेल. असं केलंत तर हीच यादी उद्या ‘कुठून–कुठे’ निवडायलाही जशीच्या तशी वापरता येईल.

आत जाणारी वाट म्हणजे स्थानकांची एक प्रॉपर्टी. तिच्या डिड-सेटमध्ये (प्रॉपर्टी बदलल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) रीलोड. ॲरे (स्थानकांची यादी) आणि रीलोड एकाच ठिकाणी ठेवायचे ते यासाठी : पनवेलच्या बाजूला 15 स्थानकं, वाशीच्या बाजूला 9. ॲरे बदलली आणि रीलोड राहून गेला, तर यादी खाली सरकवताच टेबल दहावी ओळ मागतं आणि ॲप ‘इंडेक्स आउट ऑफ रेंज’ म्हणत बंद पडतं. डिड-सेटमध्ये आधी इज-व्ह्यू-लोडेड तपासा, कारण टेबल-व्ह्यूला नुसता हात लावला तरी व्ह्यू वेळेआधी लोड होतो.

बाहेर येणारी वाट म्हणजे एक क्लोजर (नंतर चालवायला दिलेला कोडचा तुकडा). त्यातून ओळीचा क्रमांक न देता अख्खं स्थानक पाठवा. ‘ओळ 1 म्हणजे ऐरोली’ असं गृहीत धरलेला कोड 2024 मध्ये ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्थानक आलं तेव्हा चुकीचं पान उघडू लागला असता. पेरेंटमध्ये क्लोजर लिहिताना सेल्फ वीक घ्या. पेरेंट चाइल्डला धरतो, चाइल्ड क्लोजरला, क्लोजर पेरेंटला. हे वर्तुळ तोडलं नाही तर स्क्रीन बंद करूनही मेमरी सुटत नाही. दोन्हींच्या डीइनिटमध्ये (मेमरीतून जाताना चालणाऱ्या कोडमध्ये) एकेक प्रिंट टाकून मागे जाऊन बघा, लगेच कळतं.

प्रश्न : डिफेबल डेटा सोर्स (जुनी-नवी यादी ताडून फक्त फरक बदलणारा) वापरतो. ओळखीसाठी स्थानकाचं नाव दिलंय. वर ‘आवडती’ हा विभाग जोडल्यापासून ॲप क्रॅश होतंय.
— एक वाचक, कळवा

उत्तर : स्नॅपशॉटमधली (यादीच्या त्या क्षणाच्या नोंदीतली) प्रत्येक ओळख संपूर्ण स्नॅपशॉटमध्ये एकमेव लागते, फक्त त्या विभागात नव्हे. ‘घणसोली’ आवडत्यांतही आणि मुख्य यादीतही आलं की झाला क्रॅश. ओळख विभाग आणि स्थानकाचा सांकेतिक क्रमांक मिळून बनवा, हॅशेबल असलेल्या (ताडून बघता येणाऱ्या) छोट्या स्ट्रक्टमध्ये.

आयओएस 13 पासून मिळालेली ही सोय सोडू नका. पनवेलवरून वाशीवर गेलं की ठाणे ते तुर्भे ही 7 स्थानकं जागेवर राहतात, जुईनगर ते पनवेल ही 8 निघतात, सानपाडा आणि वाशी ही 2 येतात. हा हिशोब डेटा सोर्स स्वतः करतो. हाताने ओळी काढताना होणारा ‘इनव्हॅलिड नंबर ऑफ रोज’चा घोळ इथे उद्भवत नाही. फक्त हाही डेटा सोर्स प्रॉपर्टीत धरून ठेवा, टेबल त्यालाही वीकच धरतं.

प्रश्न : सेटिंग्जच्या स्क्रीनवर चारच ठरलेल्या ओळी आहेत. तिथेही वेगळा डेटा सोर्स करू का?
— एक विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : नको. स्टोरीबोर्डमध्ये स्टॅटिक सेल (आधीच मांडून ठेवलेल्या ओळी) घ्या. ते फक्त यूआय-टेबल-व्ह्यू-कंट्रोलरमध्येच चालतात, साध्या व्ह्यू कंट्रोलरमध्ये टाकलेत तर प्रोजेक्ट बिल्डच होत नाही. एक्सकोडच्या (ॲप बनवायच्या साधनाच्या) साच्यासोबत ओळींची संख्या शून्य परत करणारी फंक्शन्स आली असतील तर ती पुसून टाका. ती राहिली की तुमच्या चारही ओळी गायब होतात.