नीतिमान ठरणं म्हणजे नक्की काय

अगं, तू ख्रिस्ती विश्वासात नवीन आहेस म्हणून सांगते, "आज प्रार्थना चुकली, आता देव मला नाकारणार" हा हिशोब आधी बंद कर. नीतिमान 'ठरवणं' हा कोर्टातला शब्द आहे, न्यायाधीशाने निर्दोष जाहीर करणं, आणि ते ख्रिस्ताच्या वधस्तंभामुळे, आपल्या मार्कांमुळे नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ४ था अध्याय सावकाश वाच, अब्राहामाचा विश्वास देवाने नीतिमत्त्व म्हणून गणला तो उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात, सुंतेची आज्ञा आली १७ व्या, म्हणजे विधी नंतर आला ना! मला हे कळलं त्या रात्री बायबल मांडीवर उघडं ठेवून मी खूप रडले होते. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात 'कामांशिवाय विश्वास निर्जीव' असं वाचून गोंधळशील तर घाबरू नको, तो एवढंच म्हणतो की जिवंत विश्वास कामातून दिसतोच.