दोन वर्षे पडून असलेली पेट्रोलवरची चेनसॉ दुरुस्त करून विकावी, की सुट्या भागांसाठी द्यावी?

पिस्टन आणि सिलिंडर निकोप असतील तरच ती दुरुस्त करून विकावी; त्यांवर खोल ओरखडे असतील, तर सुट्या भागांसाठी देणेच परवडते. हे ठरवण्यासाठी पूर्ण इंजिन खोलावे लागत नाही: स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी, सायलेन्सर उतरवावा आणि त्यामागच्या छिद्रात विजेरीचा उजेड टाकून यंत्र सुरू करायची दोरी हळूहळू ओढावी, म्हणजे पिस्टनची एक बाजू स्पष्ट दिसते, आणि तेल न मिसळलेल्या पेट्रोलवर चाललेल्या यंत्रात ओरखडे बहुधा याच बाजूला उठतात. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमधल्या तेलाखेरीज (५०:१ प्रमाण सांगितले असल्यास लिटरमागे २० मिलिलिटर) दुसरे वंगण मिळत नाही. पिस्टन स्वच्छ असूनही यंत्र सुरू होत नसेल, तर आधी कार्बोरेटरवर संशय घ्यावा, कारण टाकीत राहिलेले इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, कार्बोरेटरमधले पातळ पडदे ताठरतात आणि इंधनाची नळी चिरते. पडद्यांचा संच, नळी व फिल्टर बदलणे हे तुलनेने स्वस्तातले काम आहे. मात्र चेन ब्रेक लागत नसेल, तर इंजिन कितीही सुरेख चालत असले तरी ती ‘चालू स्थितीत’ म्हणून विकू नये, कारण करवत उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर आली, की साखळी क्षणार्धात थांबवण्याचे काम तोच ब्रेक करतो.