चाकाची बेअरिंग, क्लच, फोर्क: कोणती हत्यारं घरी बनवावीत?

तुम्ही विचारलंय की स्प्लेंडरच्या चाकाची बेअरिंग, क्लच आणि पुढच्या फोर्कची सीलं घरीच बदलायची आहेत, हाताशी ग्राइंडर, ड्रिल आणि कानस आहे, लेथचं किरकोळ काम उद्यमनगरात, म्हणजे लहान कारखान्यांच्या वसाहतीत, करून घेता येईल, तर कोणती हत्यारं स्वतः बनवावीत. सरळ सांगायचं तर धरून ठेवणारी आणि दाबून बसवणारी हत्यारं जरूर बनवा, मोजणारी विकतच घ्या. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या) आणि टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) यांना घरगुती पर्याय नाही. व्यास आणि जाडी मोजायचा व्हर्निअर नसेल तर आधी तो घ्या, कारण खालचं सगळं त्याच्यावर चालतं.

सुरुवात बेअरिंगपासून करा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी शिरून सगळ्यात आधी तीच खराब होतात, आणि चुकीच्या पद्धतीने ठोकून बसवलेली नवी बेअरिंगसुद्धा टिकत नाहीत. जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. 6301 असेल तर भोक 12 मिमी, बाहेरचा व्यास 37 आणि रुंदी 12. 6202 असेल तर 15, 35 आणि 11. नवी घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्या.

काढायचं हत्यार जवळजवळ फुकटात होतं. 6301 साठी 12 मिमीचा असा बोल्ट घ्या, ज्याचा डोक्याखालचा भाग बिनआट्यांचा आहे. आट्यांचा भाग कापून टाका आणि उरलेल्या गुळगुळीत दांड्याच्या टोकाला मधोमध हॅकसॉने 20 ते 25 मिमी खोल चीर पाडा. दुसरा तुकडा 10 मिमीच्या सळईचा, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, रुंदीपेक्षा निदान 100 मिमी लांब, टोक छिन्नीसारखं घासलेलं. चिरलेला बोल्ट बाहेरून बेअरिंगच्या भोकात घाला, सळई समोरच्या बाजूने हबमधून आत सरकवून तिची धार चिरेत बसवा आणि सळईवर हातोडा मारा. पाचर चिरेत घुसली की बोल्ट फुगून बेअरिंगची आतली रिंग पकडतो आणि पुढच्या ठोक्यांना बेअरिंग घेऊनच बाहेर येतो. बोल्टचं टोक बेअरिंगच्या आतल्या कडेपर्यंतच असू द्या. दोन बेअरिंगच्या मधे जी नळी असते, म्हणजे कॉलर, तिच्यात ते शिरलं तर तिथेच फुगतं आणि सगळंच अडकून बसतं. एखाद्या बाजूला सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) किंवा आट्यांची रिंग आहे का, तेही ठोकण्याआधी बघा. बेअरिंग हलत नसेल तर हबवर उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते. चाक ठेवताना खाली लाकडाचे ठोकळे हबला टेकलेले हवेत, रिमला किंवा डिस्कला नाही.

बसवायच्या हत्याराला मात्र लेथ लागतो. 6301 साठी साध्या एमएसचे (माइल्ड स्टीलचे) दोन बुश, म्हणजे मधे भोक असलेले गोल तुकडे, करून घ्या: बाहेरचा व्यास 36.5 मिमी, लांबी 20, मधलं भोक 10.5, आणि एका तोंडाला 32 मिमी व्यासाचा 3 मिमी खोल खळगा. या खळग्यामुळे बुश फक्त बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला टेकतो. आतली रिंग दाबून बेअरिंग हबमध्ये ढकललं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो, त्यांचे ठसे रिंगवर उमटतात आणि काही दिवसांत चाक घरघरायला लागतं. लेथवाल्याकडे तोंडी माप सांगू नका. कागदावर आकृती काढा आणि जुनं बेअरिंग सोबत न्या.

बुशमधून 10 मिमीचा, 250 मिमी लांब, पूर्ण आट्यांचा रॉड घाला, दोन्हीकडे जाड वायसर आणि नट, आट्यांना ग्रीस. पहिलं बेअरिंग ओढताना समोरचा आधार हबच्या तोंडावर घ्या, त्यासाठी तिकडे बुशऐवजी हबच्या भोकापेक्षा मोठी जाड पट्टी लावा. नटाच्या एका फेऱ्याला बेअरिंग 1.5 मिमी आत जातं, म्हणजे साधारण आठ फेऱ्यांत ते हबच्या तोंडाबरोबर येतं. पहिल्या दोन फेऱ्यांत ते तिरकं होत असेल तर थांबा, काढा आणि पुन्हा सरळ धरा. तिरकं ओढलं तर हबचं भोक कायमचं खरवडतं. पहिलं पूर्ण तळाला बसलं की कॉलर घाला आणि मगच दुसरं ओढा. कॉलर विसरली तर सगळं पुन्हा काढावं लागतं. दुसरं बेअरिंग कॉलरला नुसतं टेकेपर्यंतच. बोटाने कॉलर हलवून बघत राहा, ती जेमतेम सरकेनाशी झाली की बस्स. त्यापुढे आवळलं की आतल्या रिंगा आडव्या दाबल्या जातात आणि बेअरिंग बोटाने फिरवताना जड लागतं. असं चाक चढवू नका.

क्लच आणि ऑइल फिल्टरच्या बाजूला खाचांचे गोल नट असतात. त्यांना छिन्नी लावून ठोकलेली इंजिनं बघवत नाहीत. नटाचा बाहेरचा व्यास, खाचेची रुंदी आणि खोली मोजा. तेवढ्याच बाहेरच्या व्यासाचा जुना सॉकेट घ्या, ज्याचं मागचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं आहे, आणि 1 मिमीच्या कटिंग व्हीलने चार दाते राखून बाकीची कड उतरवा. दाते खाचेपेक्षा 0.2 मिमी अरुंद ठेवा, बाजू एकदम समांतर. निमुळते दाते जोर आला की वर सरकतात आणि नटाच्या कडा खातात. कापताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं तर त्या जागेचा कडकपणा गेला. सॉकेट मिळत नसेल तर ईएन 8 या पोलादाचा तुकडा लेथवर करून घ्या. त्यात साधारण 0.4 टक्के कार्बन असल्याने तो तापवून बुडवल्यावर कडक होतो, एमएस होत नाही. लाल झाल्यावर चुंबक चिकटेनासा झाला की अजून थोडं तापवा आणि तेलात सोडा, मग दाते घासून चकचकीत करून गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा मंद तापवा. हे दुसरं तापवणं टाळलं तर दाते काचेसारखे तुटतात.

क्लच सेंटर, म्हणजे क्लच प्लेटांच्या मधला खाचांचा भाग, धरायला आतून दाते असलेल्या दोन जुन्या लोखंडी क्लच प्लेटा एकावर एक जुळवून 25 × 5 च्या, 400 मिमी लांब पट्टीला वेल्ड करा. एकच प्लेट वापरू नका. सेंटर ॲल्युमिनियमचं असतं, एका पातळ प्लेटचा जोर त्याच्या गाळ्यांत रुततो. वेल्डिंग लहान टाक्यांनी करा, सलग ओढलं तर प्लेट वाकते. हँडल म्हणून जीआय पाइप वापरणार असाल तर जस्ताचा थर आधी घासून काढा, त्याचा धूर विषारी असतो.

फोर्कसाठी खर्च जवळपास नाहीच. तळाचा ॲलन बोल्ट वरची टोपी आणि स्प्रिंग जागेवर असतानाच ढिला करा, तेव्हा आतला रॉड सहसा फिरत नाही. फिरलाच तर टोपी सावकाश काढा, ती स्प्रिंगने उडते. स्प्रिंग काढून झाडूचा लाकडी दांडा निमुळता तासा आणि वरून रॉडच्या तोंडात जोरात दाबून धरा. सील ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो, फक्त त्याचं आतलं माप फोर्कच्या नळीपेक्षा 1 मिमी जास्त आणि बाहेरचं सीलपेक्षा 1 मिमी कमी हवं. दुकानात तसा पाइप मिळेलच असं नाही, मग थोडा जाड घेऊन बाहेरून लेथवर उतरवून घ्या. वर चढवण्याआधी नळीच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तेल लावा, म्हणजे सीलची ओठासारखी कड कापली जात नाही.

मॅग्नेट, म्हणजे इंजिनच्या बाजूचं वीज बनवणारं चुंबकांचं चाक, काढायचा पुलर मात्र विकत घ्या. त्याचे आटे आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) गाडीप्रमाणे बदलतात, आणि जवळपासच्या मापाचा पुलर दोन फेरे गेल्यासारखा वाटून जोर लावताच मॅग्नेटचे आटे उपटतो. कडेला पकडणारा तीन पायांचा पुलर तर लावूच नका, कड वाकते आणि आतले चुंबक सुटतात. दुकानात जाताना गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, घरी आणल्यावर पुलर आधी नुसत्या हाताने पूर्ण आत जातो का ते बघा, आणि नंतरच पाना लावा.